चेंडू बदला, पण सांगून बदला!



प्रथम एक आकडा सांगतो : ५२० फूट. म्हणजे सुमारे १५८ मीटर. १२ जुलै २०२१ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात हुआन सोतो या खेळाडूने बेसबॉलचा चेंडू एका फटक्यात इतक्या दूर धाडला. आपल्या क्रिकेटच्या मैदानात सीमारेषा जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे ८२ मीटरवर असते. सोतोचा चेंडू तिच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर गेला!

बेसबॉलमध्ये फटकावलेला चेंडू हवेतूनच मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला की त्याला ‘होम रन’ म्हणतात. आपल्या षटकाराचा हा चुलतभाऊच समजा. अमेरिकेत १९८५ सालापासून ‘होम रन डर्बी’ नावाची स्पर्धा भरते. तीत एक सहकारी सोपे चेंडू टाकतो आणि नामांकित फलंदाज ते एकामागून एक कुंपणापार धाडतात. ज्याचे होम रन अधिक, तो विजयी.

सोतोच्या फटक्याची हकिकत वाचून तुम्ही म्हणाल, “काय ही ताकद!” ताकद होतीच. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबू नये. मैदान किती उंचीवर होते? हवा कशी होती? आणि चेंडू कोणता होता? डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे. तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक-षष्ठांशाने विरळ असते. शिवाय ती कोरडी असल्याने चेंडूही वाळून अधिक उसळतात. म्हणून तेथे २००२ सालापासून सामन्यांचे चेंडू ठरावीक आर्द्रतेच्या कपाटात ठेवतात. डर्बीच्या दिवशी मात्र कपाटात न ठेवलेले चेंडू वापरायचे ठरले, आणि ते आधी जाहीरही झाले. सर्वांना सारखेच चेंडू मिळाले. कोणाची फसवणूक झाली नाही.

पण खऱ्या सामन्यांत, कोणालाही न सांगता चेंडू बदलला तर? बेसबॉलच्या जगात हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. होम रन वाढले की लोक म्हणतात, “चेंडू चपळ केला!” आणि कमी झाले की म्हणतात, “चेंडू मेला!” या वादात माझे मत स्पष्ट आहे. चेंडू बदलण्याचा अधिकार खेळ चालविणाऱ्यांना जरूर आहे. चोरून बदलण्याचा नाही. कारण चेंडू हे नुसते खेळणे नव्हे, ते खेळाडूचे कर्तृत्व मोजण्याचे मापही आहे.

चेंडूच्या पोटात

बेसबॉलच्या मध्यभागी बूच आणि रबर यांचा एक लहान गोळा असतो. त्यावर लोकरीचे आणि शेवटी सुताचे मिळून सुमारे ३४० मीटर धागे घट्ट गुंडाळतात. वर गाईच्या कातड्याचे दोन तुकडे लाल दोऱ्याच्या १०८ दुहेरी टाक्यांनी हाताने शिवतात. तयार चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम भरते.

चेंडूची ‘चपळता’ मोजता येते. अमेरिकेतील प्रमाण चाचणीत चेंडू सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगाने लाकडी फळीवर मारतात आणि तो किती वेगाने परत येतो ते पाहतात. परतीच्या वेगाला आधीच्या वेगाने भागले की उसळीचा गुणांक मिळतो. तो ०.५४६ असावा आणि त्यात ०.०३२ पर्यंत कमीअधिक चालेल, असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे २६ मीटर वेगाने गेलेला चेंडू सुमारे १४ मीटर वेगाने परततो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.५४६ चा वर्ग केला तर येतो सुमारे ०.३०. याचा अर्थ, दहा भाग ऊर्जेपैकी सात भाग चेंडूच्या पोटातच उष्णतेच्या रूपाने जिरून जातात!

आता ०.०३२ ही सूट किरकोळ दिसते. पण २००० साली मॅसॅच्युसेट्समधील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने हिशेब मांडला. तेव्हा असे आढळले की, नियमांत बसणारे दोन टोकांचे चेंडू घेतले तर एकाच फटक्याने एक दुसऱ्यापेक्षा सुमारे ४९ फूट, म्हणजे १५ मीटर दूर जाऊ शकेल. एक चेंडू कुंपणापलीकडे आणि दुसरा क्षेत्ररक्षकाच्या हातात! दोन्ही कायदेशीर, फटकाही तोच.

शंका वेगळी, पुरावा वेगळा

मग होम रन वाढले की चेंडूच बदलला असे समजावे काय? मुळीच नाही. येथेच विज्ञानाची खरी कसोटी लागते.

बेब रूथ या विख्यात खेळाडूने १९१९ साली २९ होम रन मारले. १९२० मध्ये ५४ आणि १९२१ मध्ये ५९. लोकांनी लगेच चेंडूकडे बोट दाखविले. पण त्याच सुमारास आणखी काय काय घडले ते पाहा. १९२० पासून चेंडूला थुंकी वगैरे लावण्यावर बंदी आली. जुन्या काही मोजक्या पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, तेवढी सवलत मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डोक्याला चेंडू लागून रे चॅपमन या खेळाडूचा मृत्यू झाला. मळलेला चेंडू नीट दिसत नाही हे ध्यानी घेऊन पंच वरचेवर नवा, पांढरा चेंडू देऊ लागले. आणि रूथची फटकावण्याची पद्धतही इतरांहून निराळी होती. इतकी कारणे एकत्र आल्यावर, केवळ होम रनच्या आकड्यांवरून एकट्या चेंडूला दोषी ठरविता येत नाही.

उलट १९४३ सालचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यामुळे अमेरिकेला रबर मिळेना. तेव्हा चेंडूत रबराऐवजी बालाटा नावाचा, झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ वापरला. मोसमाच्या आरंभीच होम रन दिसेनासे झाले! अखेर काही आठवड्यांतच चेंडू सुधारून घ्यावे लागले. येथे कारण उघड होते, कारण काय बदलले हे सर्वांना ठाऊक होते.

या दोन हकिकतींतला फरक ध्यानात आला ना? बदल माहीत असेल तर परिणामाचे कारण सापडते. बदल लपविला, किंवा मोजलाच नाही, तर मागे उरतात ती फक्त भांडणे.

उसळी नव्हे, हवा!

आता अलीकडची हकिकत. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०१४ साली एकंदर ४,१८६ होम रन झाले होते. २०१७ मध्ये ते ६,१०५ झाले आणि २०१९ मध्ये ६,७७६! पाच वर्षांत माणसांचे दंड काही दीडपटींनी वाढत नाहीत. पिचर संतापले. जस्टिन व्हर्लँडर या नामवंत पिचरने २०१९ साली उघड आरोप केला की, चेंडू मुद्दाम चपळ केला आहे. लीगच्या आयुक्तांनी हा आरोप साफ नाकारला.

हा वाद मिटविण्यासाठी शास्त्रज्ञांची एक समिती नेमली गेली होती. अध्यक्ष होते इलिनॉय विद्यापीठातील भौतिकीचे निवृत्त प्राध्यापक ॲलन नेथन. २०१८ साली समितीने अहवाल दिला आणि सर्वांनाच धक्का बसला. चेंडूची उसळी हे वाढीचे कारण नव्हतेच! बदलला होता तो हवेचा रोध. चेंडू बॅटवरून पूर्वीइतक्याच वेगाने सुटत होता, पण हवा त्याला पूर्वीपेक्षा कमी अडवीत होती.

हवेचे एवढे महत्त्व का, ते तुम्ही स्वतः गणित करून पाहू शकता. ताशी १०० मैल, म्हणजे सेकंदाला ४४.७ मीटर वेगाने, जमिनीशी ३० अंशांचा कोन करून चेंडू निघाला असे समजा. हवा नसती तर तो सुमारे १७६ मीटर दूर पडला असता. प्रत्यक्षात असा चेंडू सुमारे १२० मीटरच जातो. जवळजवळ तिसरा हिस्सा हवाच गिळते! मग या गिळण्यात थोडीशी जरी काटकसर झाली तरी कुंपणापाशी पडणारा चेंडू पलीकडे जाणारच.

रोध कमी का झाला? डिसेंबर २०१९ च्या दुसऱ्या अहवालात समितीने काही उत्तर दिले. त्या मोसमातील वाढीपैकी सुमारे ६० टक्के वाढ हवेच्या कमी रोधामुळे झाली होती, तर सुमारे ४० टक्के फलंदाजांच्या बदललेल्या फटक्यांमुळे. कारण ते आता चेंडू मुद्दाम अधिक उंच मारू लागले होते. रोधातील फरकाचा काही भाग शिवणीच्या उंचीने पडला होता. आणि उंचीतला हा फरक केवढा? इंचाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! मेरेडिथ विल्स या खगोलभौतिकीतून आलेल्या संशोधिकेनेही चेंडूंचे टाके उसवून, दोऱ्याची जाडी मोजून, चेंडूच्या घडणीत पडलेले फरक दाखविले होते.

आणखी एक नमुनेदार घटना पाहा. २०१९ साली मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे ‘ट्रिपल-ए’ सामन्यांत, जुना चेंडू सोडून मेजर लीगचा चेंडू वापरावयास सुरुवात झाली. त्या एकाच वर्षात तेथील होम रन दीडपटीहून अधिक झाले. त्याखालच्या पायरीवर जुनाच चेंडू राहिला. तेथे अशी उडी दिसली नाही. प्रयोगात एकच गोष्ट बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्यात, असे तुमचे विज्ञानाचे शिक्षक सांगतात ना? ही घटना जवळजवळ तसाच प्रयोग होता.

जपानचा धडा

येथवर प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. यापुढचा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे.

जपानमध्ये बेसबॉल अत्यंत लोकप्रिय आहे. २०११ साली तेथील व्यावसायिक लीगने सर्व संघांसाठी एकच, कमी उसळीचा चेंडू आणला. बदल जाहीर होता. २०१० मध्ये १,६०५ होम रन झाले होते. २०११ मध्ये ते ९३९ वर आले. लोक थोडे कुरकुरले, पण कारण ठाऊक असल्यामुळे संशयाला जागा नव्हती.

२०१३ च्या मोसमात होम रन पुन्हा भराभर वाढले. खेळाडूंनी विचारले, “चेंडू बदलला आहे काय?” उत्तर मिळाले, “नाही.” शेवटी जून महिन्यात लीगला कबूल करावे लागले की, चेंडू अधिक उसळता करण्यात आला होता. एवढेच नव्हे, तर चेंडू बनविणाऱ्या कंपनीलाही गप्प राहावयास सांगितले होते. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे आयुक्तांनी सांगितले. तरी त्यांना त्याच वर्षी पद सोडावे लागले.

त्याच मोसमात व्लादिमिर बॅलेंटीन या खेळाडूने ६० होम रन मारले. एका मोसमात ५५ होम रनांचा विक्रम सादाहारू ओ या थोर खेळाडूने १९६४ साली केला होता. पुढे दोघांनी त्याची बरोबरी केली, पण तो कोणाला मोडता आला नव्हता. तो बॅलेंटीनने मोडला. आता मला सांगा, यात बॅलेंटीनचा काय अपराध? त्याने समोर आलेला चेंडू मारला, इतकेच. तरीही त्या विक्रमाचे नाव निघाले की चेंडूची गोष्ट निघतेच. लपवाछपवी केली इतरांनी आणि डाग लागला खेळाडूच्या घामाला! दुसरीकडे, ज्या पिचरांच्या चेंडूंवर त्या वर्षी अधिक होम रन गेले, त्यांची कामगिरी कागदावर ढासळली. व्यावसायिक खेळाडूचे मोल अशाच आकड्यांवर ठरते. आपण खरोखर वाईट टाकले की चेंडूच निराळा होता, हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क नव्हता काय?

भाला कसा बदलला

“मग काय, चेंडू कधी बदलूच नये?” असे कोणी विचारील. बदलावा की! कसा बदलावा याचा उत्तम पाठ मैदानी खेळांनी दिला आहे.

१९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन याने भाला १०४.८० मीटर फेकला. भाले असेच दूर जाऊ लागले तर मैदान अपुरे पडेल, अशी भीती निर्माण झाली. शिवाय ते जमिनीवर आडवेच पडत आणि टोक रुतले की नाही याबद्दल वाद होत. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकविण्यात आला. भाला लवकर नाक खाली करू लागला आणि अंतर घटले. हे सारे आगाऊ जाहीर करून झाले. जुने विक्रम जुन्या भाल्याच्या नावे बंद केले आणि नव्या भाल्याचे विक्रम नव्याने सुरू झाले. त्या वर्षीचा पहिला नवा विश्वविक्रम होता ८५.७४ मीटर. म्हणून १०४.८० पेक्षा ८५.७४ कमी असले तरी नवा भालाफेकपटू कमकुवत होता असे कोणी म्हणत नाही. माप बदलले हे सर्वांना ठाऊक आहे!

काही आक्षेप

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, खेळ ही करमणूक आहे. लोकांना होम रन आवडतात, तर होऊ द्यावेत. मला हे अर्धेच पटते. करमणुकीसाठी चेंडू चपळ करावयाचा तर करावा. डर्बीत तेच झाले. पण मग तसे सांगावे. पाहणाऱ्याला फसवून मिळविलेल्या टाळ्या फार दिवस टिकत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चेंडू लोकर, कातडे, बूच अशा नैसर्गिक वस्तूंचा बनतो आणि हाताने शिवला जातो. दोन चेंडू तंतोतंत सारखे निघणारच नाहीत. फरक दिसला की कारस्थानाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. हे अगदी खरे आहे. नेथन समितीलाही कोणी जाणूनबुजून चेंडू बदलल्याचा पुरावा सापडला नाही. परंतु माझ्या मते या आक्षेपातूनच उपाय निघतो. फरक पडणारच असेल तर तो वेळोवेळी मोजला पाहिजे आणि सर्वांना कळविला पाहिजे. मोजमापे उघड असती तर निर्दोष माणसांवर संशय आलाच नसता.

अमेरिकेनेही हा धडा अर्धवटच घेतला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेंडूची उसळी किंचित कमी केल्याचे संघांना कळविले गेले. पण त्या मोसमात प्रत्यक्षात दोन प्रकारचे चेंडू वापरले गेले. विल्स यांनी चेंडू उसवून ते दाखविल्यानंतर, मोसम संपल्यावर लीगने ते मान्य केले. महामारीमुळे नवे चेंडू पुरेसे तयार झाले नाहीत, असे कारण देण्यात आले. कारण खरे मानले तरी प्रश्न उरतोच : मग ते आधी का सांगितले नाही? २०२२ पासून मात्र तीसही मैदानांवर चेंडू ठरावीक आर्द्रतेत ठेवण्याची सोय झाली, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल होय.

माझ्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. दर मोसमाआधी चेंडूंचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून उसळी, वजन, शिवणीची उंची आणि हवेचा रोध यांचे आकडे प्रसिद्ध करावेत. चेंडूत बदल करावयाचा तर मोसमाआधी जाहीर करावा, मध्येच करू नये. आणि विक्रमांच्या नोंदवहीत त्या वर्षीच्या चेंडूची मापेही लिहून ठेवावीत. यात खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे.

आता तुमची पाळी

हे सर्व वाचून नुसते मान डोलावू नका. स्वतः करून पाहा. टेनिसचे दोन चेंडू घ्या, एक नवा आणि एक खेळून जुना झालेला. भिंतीवर जमिनीपासून एक मीटरपर्यंत सेंटिमीटरच्या खुणा करा. एक मीटर उंचीवरून चेंडू नुसता सोडा, ढकलू नका, आणि तो किती उंच उसळतो ते टिपा. प्रत्येक चेंडूची दहा मापे घेऊन सरासरी काढा. उसळीच्या उंचीला सोडण्याच्या उंचीने भागा आणि वर्गमूळ काढा; तोच उसळीचा गुणांक. चेंडू ५६ सेंटिमीटर उसळला तर गुणांक येईल सुमारे ०.७५. मग नवा चेंडू रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून पुन्हा मोजा.

एक सूचना मात्र पाळा. चेंडू एकाने सोडावा आणि कोणता चेंडू सोडला हे माप घेणाऱ्याला सांगू नये. नाहीतर ‘नवा चेंडू अधिक उसळणार’ असे मनात धरलेले डोळे खुणेवर एक-दोन सेंटिमीटर अधिकच वाचतात! शिक्षकांनी वर्गात दोन गट पाडून त्यांच्या मापांची तुलना करून घेतली तर फार चांगले.

मग संध्याकाळी मैदानावर गेल्यावर खेळ सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांना चेंडू दाखवा. जुना असेल तर जुना म्हणून सांगा, नवा असेल तर नवा म्हणून सांगा. हरणाऱ्याला हार मान्य होईल आणि जिंकणाऱ्याच्या षटकाराकडे कोणी संशयाने पाहणार नाही.